कुजबुजीची खिडकी

“बद्धकोष्ठाला आपलं फळ नेमकं करतं तरी काय?”

विचारलं एकदाचं! रविवारी सकाळी, निवडीच्या टेबलाशी, अख्खं घर आलुबुखाऱ्यांच्या ढिगाभोवती बसलेलं असताना.

पैज अशी होती की तो शब्द पूर्ण उच्चारायचा. ‘पोटाची तक्रार’ चालणार नाही, ‘ती अडचण’ तर मुळीच नाही. सगळ्यांसमोर बोलायचं, आणि हसायचं नाही. चष्मिष्ट आणि शिडी या माझ्या वर्गातल्या दोन जिवलग शत्रूंनी शाळेच्या पायऱ्यांवर बसून ही अट घातली होती. जिंकले तर सहलीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा कायमची माझी. शिडीला खिडकी नसली की मळमळतं, म्हणजे बघा, मी शेपूट घालणार याची तिला केवढी खात्री होती!

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? तुम्ही आमच्या घरात जन्मला नाहीत म्हणून वाटतं. पणजोबांपासून आम्ही आलुबुखारे वाळवतो आणि विकतो. पणजोबांची पहिली भट्टी कशी जळून गेली आणि त्यांनी ती पुन्हा कशी उभी केली ते पुढे केव्हातरी सांगेन. पण ज्या एका शब्दावर आमच्या पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या, तो शब्द आमच्याकडे कुणीही तोंडातून काढत नाही. आमच्यात त्याला ‘तो विषय’ म्हणतात.

त्या विषयासाठी आमच्या दुकानाला वेगळी खिडकी आहे. समोर मोठी काच, आत बरण्या, आईने केलेले केक, आलुबुखारे न्यायला आलेल्या बेकरीवाल्यांची गर्दी. आणि कुशीला बोळात, छातीच्या उंचीवर, लाकडी झडपेची एक छोटी खिडकी. ती आजोबांनी भिंत फोडून केली. कारण लोक दुकानात यायचे, बदाम बघायचे, अक्रोडांचा भाव विचारायचे, बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच रेंगाळायचे आणि मग आजोबांच्या कानाशी लागून म्हणायचे, “जरा... ते... होत नाहीये हो.” आजोबांना त्यांची दया आली. खिडकी झाली. बोळात या, हळूच सांगा, साध्या खाकी पिशवीत घेऊन जा. आजोबांनंतर तिथे आत्या बसली. बाबा आणि काका या दोघांची ती थोरली बहीण. मी जन्मले तेव्हा ती खिडकीत होती आणि मी पैज जिंकायला निघाले तेव्हाही ती खिडकीतच होती.

आता माझ्याविषयी. मला घरात भोंगा म्हणतात. पूर्वी ते ऐकून मला रडू यायचं. पण यंदा शाळेच्या क्रीडादिनाला माइक बंद पडला आणि मी नुसत्या घशाच्या जोरावर अख्ख्या मैदानाला शर्यतींचे निकाल ऐकवले. पलीकडच्या रस्त्यावरच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी भोंगा आहे ते छाती काढून.

आणि तरीसुद्धा त्या सकाळी माझा आवाज बारीकच निघाला. शब्दच तसला, अडकणारा.

काकाच्या हातातला आलुबुखारा टपकन टेबलाच्या पत्र्यावर पडला. बाबा छताकडे बघायला लागले, जणू तिथे उत्तर लिहिलंय. आईने ओठ आत ओढून घेतले. तिला हसू आलं की ती असं करते. काकू तेवढी माझ्याकडे सरळ बघत होती. काकू नर्स आहे, तिला शब्दांची भीती वाटत नाही, माणसांचीच काय ती वाटते.

आणि आत्या हसली. तिने मान डोलावली. “घे की, त्यात विचारायचं काय,” म्हणत तिने आपल्या पुढ्यातली मऊ आलुबुखाऱ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.

मला वाटलं, वा! काय सफाईने विषय टाळला! मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

“हो तर,” आत्या म्हणाली. “या खेपेचा माल झकासच आहे.”

मागे भट्टीचा पंखा घरघरत होता. मी उभी राहिले आणि क्रीडादिनाचा आवाज काढला. “आत्या! बद्ध! कोष्ठ! आपलं फळ! काय करतं?”

समोरच्या लाँड्रीवाल्याने दारातून डोकं बाहेर काढलं. आमच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

आत्याचा हात थांबला. आमच्याकडे निवड अंगठ्याने होते. आलुबुखारा दाबायचा, खळगा सावकाश भरून आला तर तो उत्तम, भरलाच नाही तर फार सुकलेला, बोटाला चिकटला तर परत भट्टीत. आत्याचा अंगठा एका फळात रुतला होता आणि तो तिथेच राहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. कुणाच्याही तोंडावर नवा धक्का नव्हता. सगळ्यांचा धक्का आधीच बसून झाला होता. म्हणजे पहिल्या खेपेलाच सगळ्यांना ऐकू आलं होतं. सगळ्यांना, एक ती सोडून.

ते मला तेव्हा कळलं नाही. मी पैज जिंकल्याच्या धुंदीत होते. कळलं ते काकूला, आणि म्हणून ती घाईघाईने बोलायला लागली.

“अगं, सोपं आहे,” काकू म्हणाली. “एक तर यात चोथा भरपूर. दुसरं म्हणजे सॉर्बिटॉल, एका जातीची साखरच ती. ती आतड्यात पाणी ओढून घेते, मग सगळं मऊ होऊन पुढे सरकतं. वर पोटॅशियम आहे, के जीवनसत्त्व आहे. पण म्हणून वाटीभर हादडायचं नाही. रात्री चारपाचच पाण्यात टाकायचे, सकाळी ते पाण्यासकट खायचे. सवय नसताना एकदम जास्त खाल्ले की पोटात ढोल वाजतात.”

“बरं झालं विषय निघाला,” काका म्हणाला.

त्याच्या या वाक्याची सगळ्या घराने धास्ती घेतलेली आहे. काका ‘बरं झालं’ म्हणाला की कुणाचं तरी वाईट होतं. त्याने खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, एकेक करून, आणि म्हणाला, “मी म्हणतो, ती खिडकी आता बंद करूया. बोळात कोण येतंय हल्ली? तिथली भिंत रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत फोडली तर काचेचं मोठं कपाट बसेल. वहिनींचे केक रस्त्यावरून दिसतील.”

मी आईकडे पाहिलं. आईने पटकन एक आलुबुखारा उचलून दाबला. म्हणजे तिला हे ठाऊक होतं! आमच्या आईचा केक तुम्ही खाल्लेला नाही म्हणून सांगते. ती आलुबुखारे उकडून त्यांचा लगदा करते, निम्मं लोणी काढून त्याच्या जागी तो घालते, साखरही कमी करते. केक काळाभोर आणि इतका ओलसर होतो की सुरीला सोडत नाही. इतकी वर्षं तो बरण्यांच्या मागे झाकून ठेवलेला असतो. कपाटाचं स्वप्न तिच्या डोळ्यांत काकाने कधी पेरलं देव जाणे, पण ते चांगलं उगवलं होतं.

“काय म्हणतोय हा?” आत्याने काकूला विचारलं.

काकूने तिच्याकडे तोंड वळवून, सावकाश सांगितलं. आत्या ऐकत होती, म्हणजे काकूच्या ओठांकडे बघत होती.

“खिडकी कशासाठी बंद?” आत्या म्हणाली. “लोक येतात की.”

“ताई, पी.टी.चे सर आले होते तुझ्याकडे,” काका म्हणाला.

झालं! मी खाली बसले. कारण पैजेचं मूळ तेच होतं. आमचे पी.टी.चे सर कित्येक दिवस शाळेत आले नाहीत, खेळाच्या तासाला आम्हाला गणित करावं लागलं, आणि चष्मिष्टने कुठून तरी शोधून काढलं की सरांना आमच्या खिडकीचा प्रसाद मिळाला.

“आले होते,” आत्या म्हणाली. “चेहरा बघूनच ओळखलं मी. कपाळाला आठ्या, हात पोटावर. मोठी पिशवी दिली. म्हटलं, भिजवलेलं पाणीही प्या.”

“त्यांची तक्रार उलटी होती, ताई. त्यांना जुलाब होत होते. आपलं फळ बंद करू का, की थोडं चालेल, एवढंच विचारायला आले होते बिचारे.”

“मग तसं सांगायचं त्यांनी!”

काकाला पुढचं बोलायचं नव्हतं. पण तोंडापर्यंत आलेलं त्याला कधी गिळता आलेलं नाही. हा गुण आमच्या दोघांत आहे.

“सांगितलं होतं म्हणाले,” तो पुटपुटला. मग आवाज चढवून, कारण पुटपुटून भागणार नव्हतं, “दोनदा सांगितलं म्हणाले.”

पंखा घरघरत राहिला. आत्याने अंगठा फळातून काढला, पुसला. गळ्यात दोऱ्याला झडपेची किल्ली असते, ती तिने डोक्यावरून काढली आणि निवडलेल्या मालाच्या ताटात ठेवली.

“कपाट छान दिसेल तिथे,” ती म्हणाली. खुर्ची नीट आत सरकवून ती निघून गेली.

काकाची बाजू मी आत्ताच लिहून टाकते, नाहीतर तो तुम्हाला खलनायक वाटेल आणि मला घरात राहायचंय. त्याने हे मला नंतर सांगितलं. जे सांगितलं नाही ते मी लावून घेतलंय. शाळेत काकाला ‘जुलाबशेठ’ म्हणायचे. तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरून आवाज यायचे, कसले ते विचारू नका. एकदा तो रडत घरी आला तेव्हा आत्या शाळेत गेली आणि त्या मागच्या बाकावरच्या पोरांसमोर एकेक आलुबुखारा ठेवून म्हणाली, खा, आणि उद्या मला सांगा कोण हसतंय. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. अशी ती आत्या. तिला आता ऐकू कमी येतं हे काकाला वर्षभरापासून ठाऊक होतं. तिच्या तोंडावर ते सांगणं त्याच्याच्याने होईना. म्हणून त्याने शोधून काढलं की खिडकीच बंद केली तर कुणाला काही सांगावंच लागणार नाही. कपाट, केक, रस्त्यावरून दिसणारी काच, हा सगळा खटाटोप एक वाक्य टाळण्यासाठी!

आणि गंमत म्हणजे तो एकटा नव्हता.

“तुला माहीत होतं?” बाबांनी काकाला विचारलं.

“तुला माहीत होतं?” काकाने बाबांना उलट विचारलं.

बाबांनी भट्टीकडे हात केला. “खिडकीच्या वेळात मी पंखा बंद ठेवतो. तिला जरा शांत मिळावं म्हणून. माल थोडा उशिरा सुकतो, सुकू दे.”

“म्हणून माल ओलसर निघतो होय!” काका ओरडला. “आणि मी त्या भट्टी दुरुस्त करणाऱ्याला किती बोललो!”

“मी दाराआड उभी असते,” आई हळूच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐकते. ताईंनी वेगळंच काही दिलं, तर मागच्या दाराने जाऊन बोळाच्या तोंडाशी त्याला गाठते. म्हणते, अहो, पिशवी बदलून घ्या. सर आले त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे होते.”

मला एकदम डोळ्यांपुढे आलं: माझी आई, हाताला केकचं पीठ, सपाता फटफटवत बोळातून एखाद्या लाजाळू म्हाताऱ्याच्या मागे पळतेय, आणि तो बिचारा आणखी जोरात पळतोय. मला इतकं हसू फुटलं की नाकातून आवाज आला.

“हसतेस काय!” बाबा म्हणाले. “हे सगळं तुझ्यामुळे. कुठला तो शब्द, आणि तीन-तीनदा! कधीतरी गप्प बसून दुसऱ्याचं ऐकत जा गं!”

“तिला कशाला बोलताय?” काकू म्हणाली. “निदान ती मोठ्याने तरी बोलली.”

“तू नर्स आहेस,” काका तिच्यावर घसरला. “तुला तर आधी कळलं असेल. बोलली का नाहीस?”

“या घरात कोण काय बोलतं? पोटाला ‘तो विषय’, कानाला तर नावच नाही. मी लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, तुमच्याकडे कुणाला पोटच नाही.”

आईने ताटातली किल्ली उचलली. दोऱ्याला चिकटलेलं आलुबुखाऱ्याचं साल तिने नखाने खरवडलं.

“मला तुमचं कपाट नको, भावोजी.”

“वहिनी! अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात...”

“म्हणाले होते. तेव्हा तुम्ही सांगितलंत की जागा रिकामी पडलीये. रिकामी कुठेय? तिथे ताई बसतात.”

त्या एका वाक्याने टेबलाची बाजू फिरली. मी प्रत्यक्ष पाहिलं: बाबांनी खुर्ची आईच्या दिशेला सरकवली, काकू तर आधीच उठून उभी होती, आणि काका एकटा पडला; त्याच्यासमोर ओल्या आलुबुखाऱ्यांचा ढीग, रुमाल चिकट झालेला. मला त्याची दया आली. पण त्याहून जास्त मला आत्याकडे जायचं होतं. आईने किल्ली माझ्या हातात दिली.

“ओरडू नकोस,” काकू मागून म्हणाली. “ओरडलं की शब्द फुटतात. तोंड तिच्याकडे ठेव आणि सावकाश बोल.”

खिडकीची खोली म्हणजे खोली कसली, कपाटच ते. एक स्टूल, एक फळी, खाकी पिशव्यांची चळत, आणि भिंतीत मुरलेला आलुबुखाऱ्यांचा वास, थोडा दारूसारखा, थोडा जुन्या लाकडासारखा. आत्या स्टुलावर बसली होती. झडप बंद.

मी तिच्यासमोर फळीवर चढून बसले.

“सगळ्यांना माहीत होतं?” तिने विचारलं.

मी होकाराची मान डोलावली. खोटं बोलायला मला जमतं, पण आत्याशी नाही. “मला नव्हतं. मला वाटायचं, तू माझ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करतेस. बाबा करतात तसं.”

ती थोडंसं हसली. म्हणजे ऐकू आलं! किंवा दिसलं. “मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, लोक दिवसेंदिवस लाजाळू व्हायला लागलेत. खिडकीत कुजबूजच असते गं. मला वाटलं, कुजबूजच बारीक झालीये.”

मी तिच्या हातात किल्ली ठेवली, तिने ती फळीवर ठेवली.

“सरांना फार त्रास झाला का?”

“वर्गात तरी कुणी रडलं नाही त्यांच्यासाठी.”

“गधडे.”

तेवढ्यात झडपेवर टकटक झाली. रविवारी खिडकी बंद असते, पण तो विषय वार बघून येत नाही. आत्याला अर्थात ऐकू आलं नाही. मी झडपेकडे बोट केलं. तिने मान फिरवली. मग मी किल्ली उचलून तिच्यासमोर धरली आणि तशीच धरून राहिले. हात दुखायला लागला तरी धरून राहिले. शेवटी तिने ती घेतली आणि झडप उघडली.

बाहेर घड्याळवाला होता, नाक्यावर घड्याळं दुरुस्त करतो तो. कपाळाला आठ्या. चेहरा ओढलेला. आत्याच्या हिशेबाने बघितलं तर नक्की मोठी पिशवी! तिचा हात सवयीने पिशव्यांकडे गेलाही. मग तो मध्येच थांबला, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

घड्याळवाला मला बघून मागे सरला. “नंतर येतो,” तो कुजबुजला.

“या काका, या!” मी म्हणाले, आणि आवाज मुठीत धरल्यासारखा आवळला. “लाजू नका. आज सकाळपासून आमच्या घरात तो शब्द तीनदा बोलून झालाय. कुणाला काही झालेलं नाही.”

“कुठला शब्द?”

“बद्धकोष्ठ.”

“छे छे! ते नाही!” तो चक्क दुखावला. मग इकडेतिकडे बघून त्याने कठड्यावर कोपर टेकलं. त्याला बोलायला वेळ लागला. मी गप्प बसले. माझ्यासारखीला किती कठीण गेलं असेल याचा विचार करा. तो म्हणाला की बायको मोरीत घसरली, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. गोळ्या चालू आहेत. कुणीतरी त्याला सांगितलं की सुके आलुबुखारे हाडांना बरे. पण ती गोडाला शिवत नाही. दुकानात विचारलं असतं, पण दुकानात विचारल्यावर लोक विकतात. “आणि या खिडकीत सांगतात,” तो म्हणाला.

मी आत्याकडे वळले. तोंड तिच्याकडे. सावकाश. बायको, मनगट, हाडं, गोळ्या, गोड आवडत नाही. मी एक शब्दही ओरडले नाही आणि आत्याने एकही शब्द दुसऱ्यांदा विचारला नाही. शेवटचं वाक्यही मी तसंच्या तसं तिला दिलं. ते ऐकून तिने क्षणभर फळीवरची धूळ बोटाने पुसली.

आणि मग ती बोलायला लागली, आणि काय बोलली! “त्याला विचार, तिला मूत्रपिंडाचा त्रास आहे का? रक्तातली साखर? असेल तर आधी डॉक्टरना विचारायचं, मग माझ्याकडे यायचं.” नव्हता. “मग ऐका. हाडांना मदत होते असं तपासून पाहिलंय म्हणतात, पण ही मदत आहे, औषध नाही. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सुरुवातीला दोन, सोसले तर हळूहळू चार-पाच, आणि पाणी भरपूर. गोड आवडत नाही ना? कांदा उभा चिरून तांबूस होईपर्यंत परता, त्यात कोंबडीचे तुकडे, मिरी, मीठ. अर्धी शिजली की आलुबुखारे तोडून टाका आणि झाकण ठेवा. फळ विरघळतं, आंबटगोड रस सुटतो. तिला कळणारसुद्धा नाही की गोड खाल्लं. कोंबडी चालत नसेल तर भोपळा, नाहीतर मसूर. स्वयंपाक कोण करतं सध्या?”

मी विचारलं. तो खाली बघायला लागला. “मीच. म्हणजे... पाव आणि अंडी.”

“मग कांद्यापाशी उभं राहायचं,” आत्या म्हणाली, “तो करपतो फार लवकर.” आणि तिने मोठी पिशवी बाजूला ठेवून छोटीच घेतली. ती भरली त्या मऊ आलुबुखाऱ्यांनी, जे ती दर रविवारी ढिगातून वेगळे काढते. मला वाटायचं, ती स्वतः खाते. “मनगट मोडलेल्या बाईला फार चावायला, तोडायला लागू नये,” ती पुटपुटली.

घड्याळवाला पिशवी छातीशी धरून गेला. बोळाच्या तोंडाशी तो मागे वळला आणि त्याने हात केला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या. चेहऱ्यावरून काही ओळखू येत नाही, खरंच.

मागे धडपड झाली. दाराआड, जिथे आई एकटी उभी राहायची, तिथे सगळं घर उभं होतं. काका सर्वांत पुढे. त्याने पुढे येऊन आत्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, लहान मूल करतं तसं, दोन्ही हातांनी, चिकट हातांनी.

“ताई, तुला ऐकू कमी येतं,” तो म्हणाला. वर्षभर अडकलेलं वाक्य होतं ते. बाहेर पडल्यावर तो स्वतःच दचकला.

“मला आज कळलं,” आत्या म्हणाली. “तुला?”

“मला... आधीच.” त्याचे डोळे भरून आले. “कानाच्या डॉक्टरकडे जाऊया. उद्या. मी येतो बरोबर. आणि त्या सरांकडेही जाऊ, आधी तिकडेच जाऊ.”

“सरांकडे मी एकटी जाईन. माझी चूक, माझ्या पायांनी. कानाकडे तू चल.” मग तिने त्याचे हात गालांवरून काढले. “आधी हात धू, जुलाबशेठ.”

काका हसता हसता रडला की रडता रडता हसला, ते मला सांगता येणार नाही. त्यालाही येत नाही. काकूने त्याला रुमाल दिला, तो त्याच्याच रुमालाहून चिकट निघाला. बाबांना काय करावं ते कळेना, म्हणून ते जाऊन पंखा बंद करून आले. आई म्हणाली की केक या फळीवरही ठेवता येईल, बोळात आलेल्या माणसाच्या हातात एक तुकडा द्यायचा, बोलायला तेवढंच बरं पडतं. काका म्हणाला, आणि कपाट? आई म्हणाली, ते तुमच्या खोलीत लावा.

मग आम्ही टेबलाशी परतलो. ढीग संपल्याशिवाय रविवारी कुणाची सुटका नसते. आत्याच्या गळ्यात किल्ली होती. ती पुन्हा अंगठ्याने फळं दाबत होती, आणि तिच्या डाव्या हाताला तिची वेगळी वाटी भरत चालली होती. मी माझी खुर्ची तिच्या दुसऱ्या बाजूला ओढली. बाबा बघत होते. आईही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे आता ही पुन्हा काय विचारतेय अशी त्यांची तयारी झाली.

मी विचारलं नाही. सांगितलं.

“आई, बाबा, माझं ठरलंय. शाळा सुटली की रोज संध्याकाळी मी खिडकीत बसणार, आत्याजवळ. तिला कानाचं यंत्र मिळालं तरी बसणार. सांगायचं काम आत्याचं. मी फक्त ऐकणार.”